सड्यावरच्या चुली

माझ्या भावजयीचा आवाज हा आमच्या भेरवली गावचा भोंगा आहे. नणंद म्हणून वाकड्यात शिरून सांगतेय असं समजू नका. खुद्द किशोरीच्या तोंडावर मी हे शंभरदा बोलले आहे आणि तिने ते त्याच आवाजात कबूल केलंय. पीठगिरणीच्या घरघराटात उभं राहून जन्म काढला तिने. गिऱ्हाईक समोर हातभर अंतरावर असलं तरी ओरडूनच बोलावं लागतं. मग गिरण बंद झाली, माणूस घरी आला, जेवायला बसला, तरी गळा त्याच पट्टीत राहतो. "आक्का, भात वाढू?" असं तिने विचारलं की शेजारचं कुत्रं उठून बसतं.

आणि हीच बाई लग्न होऊन आली तेव्हा पंधरा दिवस तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. आमची आई घाबरून मला म्हणाली होती, "गो, ह्या चेडवाक वाचा आसा मा?" आज आई असती तर म्हणाली असती, देवा, थोडी परत घे.

आमचं गाव व्हाळाने, म्हणजे ओढ्याने, मधोमध कापलेलं आहे. अलीकडे देऊळ, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, रेशनचं दुकान आणि मी. पलीकडे माझं माहेर, म्हणजे माझा भाऊ बाळा, किशोरी, त्यांची गिरण आणि पलीकडच्या वाडीची बाकी घरं. आठ महिने व्हाळात दगडावर दगड ठेवून माणसं ये-जा करतात, बायका कपडे धुतात. पावसाळ्याचे चार महिने मात्र व्हाळ माजतो. मग पलीकडून अलीकडे यायचं तर वरच्या खडकाळ सड्यावरून वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा, नाहीतर पाणी उतरेपर्यंत काठावर उभं राहून एकमेकांची तोंडं बघायची.

तशी तोंडं मी एकदा बघितली आहेत. आषाढ होता. घराची कौलं सरकून गळायला लागली म्हणून बाळा छपरावर चढला आणि घसरून खाली आला. पायाचं हाड मांसातून वर आलेलं. गावच्या पोरांनी खुर्चीला दोन वासे बांधले, त्यात त्याला बसवला आणि व्हाळापर्यंत आणला. पुढे पाणी. सकाळपासून दुपार टळेपर्यंत माझा भाऊ त्या काठावर खुर्चीत बसून होता आणि मी ह्या काठावर. डोक्यावर इरलं, शेजारी थांबवून ठेवलेली रिक्षा. व्हाळाच्या आवाजात तो ओरडतोय की गप्प आहे तेही कळत नव्हतं, नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं. किशोरी त्याच्या मागे उभी राहून त्याचं डोकं पोटाशी धरून होती. शेवटी छातीभर पाण्यातून खुर्ची डोक्यावर घेऊन पोरं आली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर पाय सरळ राहिला असता. आता बाळा काठी टेकत चालतो. वर विनोद करतो की आपल्याला तीन पाय आहेत, लोकांना दोनच. मला त्या विनोदाचं अजून हसू येत नाही.

तेव्हापासून किशोरीच्या डोक्यात एकच गोष्ट: व्हाळावर साकव. काही फार मोठं मागणं नव्हतं. माणूस चालेल, दुचाकी जाईल, वेळ पडली तर खुर्ची जाईल एवढा पूल. ग्रामपंचायतीत दर महिन्याला जाऊन बसायची आणि दर महिन्याला तेच उत्तर घेऊन यायची, "निधी नाही." एकदा चिडून मला म्हणाली, हा निधी कोण आहे तो मला एकदा दाखवा तरी.

तो तिला समुद्राकडे गेल्यावर दिसला. आमच्या किनाऱ्याला गेल्या दहा-बारा वर्षांत बंगले उभे राहिलेत. देवबागसारखी घराघरात पाहुणे ठेवायची पद्धत आमच्याकडे नाही. हे बंगले बाहेरच्यांचे, नाताळात आणि मे महिन्यात उघडतात, बाकी वर्षभर दाराला कुलूप. ग्रामपंचायतीचं पाणी, ग्रामपंचायतीचे दिवे, कचऱ्याची गाडीही ग्रामपंचायतीची. आणि घरपट्टी? आमच्या मातीच्या पडवीला ज्या दराने, त्याच दराने. किशोरी म्हणाली, जे घर वर्षभर बंद असतं त्याला दुप्पट कर लावा, आणि ते वरचे पैसे साकवांना आणि पाणंदींना द्या. एवढंच. मला तेव्हा वाटलं, बाई सुखाचा जीव दुःखात घालतेय. पण तिला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी गिरणीत ऐकू कोणाला जाणार!

गिरण हेच तिचं कार्यालय झालं. दळण घेऊन आलेल्या माणसाला पळता येत नाही. पीठ होईपर्यंत त्याला तिथेच बसायचं असतं. तेवढ्यात ती त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायची. गणपतीच्या आधी वड्याच्या पिठाला रांग लागते, त्या एका आठवड्यात अर्धं गाव तिच्या बाजूने झालं. यज्ञेश म्हणून आमच्यातलाच एक शिकलेला मुलगा, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. त्याने सगळं कागदावर नीट मांडलं. भेरवली नागरिक मंच असं नाव दिलं. ग्रामसभेत ठराव झाला. मग किशोरी यज्ञेशच्या स्कूटरवर मागे बसून शेजारच्या चार गावांत हिंडली, तिथेही ठराव करून घेतले. पाच गावांचं एकच म्हणणं आल्यावर तालुक्याच्या कचेरीला नाही म्हणता येईना. त्यांनी मान्यता दिली आणि सांगितलं, आधी एका एजन्सीकडून प्रत्येक घराची पाहणी होईल, राहतं कोणतं आणि बंद कोणतं ते ठरेल, मग कर लागू होईल. त्या दिवशी किशोरीने गिऱ्हाईकांचं दळण फुकट दळून दिलं. बाळा म्हणाला, बायको पुढारी झाली की माणसाचा धंदा बसतो, हे खरं आहे.

आता पुढचं ऐका. त्याच थंडीत देवाने गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. काही वर्षांनी एकदा देवाचा हुकूम होतो आणि तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. गावात एक जीव ठेवायचा नाही. गाव देवाच्या स्वाधीन. कित्याक म्हणून विचारू नका, आमच्या आज्याने विचारलं नाही, मीही विचारणार नाही. पुन्हा कौल झाला की परत यायचं. आम्ही वेशीपलीकडच्या सड्यावर राहतो. उघडा, सपाट, जांभ्या दगडाचा माळ. तिथे झावळांच्या खोपी उभ्या राहतात, अलीकडची वाडी अलीकडे, पलीकडची पलीकडे, गावात ज्या क्रमाने घरं त्याच क्रमाने खोपी. प्रत्येक खोपीपुढे तीन दगडांची चूल. बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नसलेली माणसं तिथे शेजारी शेजारी चूल पेटवतात आणि मीठ मागायच्या निमित्ताने बोलायला लागतात. परतताना झावळं मोडायची, राख झाडून टाकायची, पण चुलीचे दगड हलवायचे नाहीत. देव पुन्हा पाठवेल तेव्हा आपली चूल आपल्या जागी सापडली पाहिजे. मला तर गावातल्या तीनशे दिवसांपेक्षा सड्यावरचे ते तीन दिवस जास्त आवडतात, खरं सांगते.

आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत एजन्सीची मुलं मोबाईल घेऊन गावात आली.

काय बघितलं असेल त्यांनी? दारांना कुलपं. अंगणात कोंबडी नाही, दांडीवर कपडा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आवाज दिला तर ओ नाही. बिचाऱ्यांनी घराघराचा फोटो काढला आणि प्रत्येकापुढे टिचकी मारली, बंद. मग समुद्राकडे गेली. तिथे एका बंगल्यात मुंबईचे पाहुणे उतरलेले. देवाचा हुकूम त्यांना कोण सांगणार? गच्चीवर खुर्च्या, गाणी, मासे भाजण्याचा वास. मुलांनी टिचकी मारली, राहतं घर. शेजारच्या बंगल्यात पाहुण्यांचे ड्रायव्हर झोपलेले, तेही राहतं घर. म्हणजे कागदोपत्री काय झालं, तर भेरवलीत बंगलेवाले राहतात आणि आम्ही सगळे बाहेरगावी असतो!

दुपटीच्या घरपट्टीची बिलं हातात पडली तेव्हा गावात जे झालं ते मी सगळं सांगणार नाही. "शिरा पडो त्या ठरावार," हे त्यातलं सर्वांत सभ्य. आपण बाहेरच्यांसाठी खणलेला खड्डा आणि पहिले आपणच आत.

मंचाची बैठक गिरणीतच झाली. हरकत लिहून द्यायची हे ठरलं, पण लिहायचं काय? गावपळण असं लिहायला कोणाचं मन होईना. सरकारी कागद तो. साहेबलोक हसतील, कोणीतरी ते पेपरात छापेल, मग आमची मुंबईत नोकरीला असलेली पोरं म्हणतील तुम्ही आमची लाज काढली. यज्ञेश म्हणाला, त्यापेक्षा लिहू या की पाहणी करणारे आलेच नाहीत, त्यांनी घरी बसून आकडे भरले. सगळ्यांना ते पटलं. किशोरीलाही पटलं, हे महत्त्वाचं. देवापुढे उभं राहून साऱ्या गावासमोर गाऱ्हाणं घालताना ज्यांना लाज वाटत नाही, ती माणसं त्याच देवाचं नाव कागदावर लिहायला लाजली.

कचेरीत सुनावणीला आम्ही टेम्पो भरून गेलो. तिथल्या मॅडम वयाने लहान, पण चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. त्यांनी आमची हरकत शांतपणे वाचली आणि भिंतीवर फोटो दाखवायला सुरुवात केली. एकेक घर, खाली तारीख आणि वेळ. तिसराच फोटो माझ्या दाराचा. कुलपाला मी बांधलेली लाल चिंधी स्पष्ट दिसत होती. मॅडमनी विचारलं, "मावशी, हे कुलूप तुमचंच ना?" मी काय सांगणार? माझंच म्हणून मान हलवली. मागे कोणीतरी खोकलं. किशोरी, जिचा आवाज व्हाळापलीकडे जातो, ती खाली बघत उभी होती.

हरकत फेटाळली. मात्र मॅडमनी एक केलं. त्या म्हणाल्या, शेवटची सुनावणी अजून बाकी आहे, हवी तर ती मी तुमच्या गावात येऊन घेते. पण त्या दिवशी जे खरं असेल तेवढंच मला सांगा.

गावात परतलो तर सर्वेश वाट बघत बसलेला. सर्वेश आमच्याच महादू घाडींचा मुलगा. महादूमामा म्हणजे देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्यांनी "बा देवा महाराजा" म्हटलं की अंगावर काटा येतो. आणि मुलगा जमिनी विकून देण्याच्या धंद्यात. किनाऱ्यावरचे निम्मे बंगले त्याच्या हातून उभे राहिलेले. बोलतो मात्र साखरेसारखं. तो म्हणाला, बंगलेवाल्यांची पण संघटना आहे. त्यांनाही हा कर नको, तुम्हालाही नको. एकत्र सह्या करू, करच रद्द करून टाकू. वकिलाचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त ठराव मागे घ्या.

सांगा, कोणाला नको होतं? जिकडेतिकडे हो झालं. फक्त ठराव मागे घ्यायचा तर तो मांडणाऱ्या मंचाची अध्यक्ष म्हणून किशोरीची सही लागत होती, आणि ती देईना. मग लोकांनी तिला बोलायचं सोडून दिलं आणि दळण शेजारच्या गावात न्यायला सुरुवात केली. डोक्यावर पायली घेऊन लोक दोन मैल चालत जायचे, पण आमच्या गिरणीत पाऊल टाकायचे नाहीत. कोकणी माणसाचा राग असाच असतो, स्वतःच्या पायांना त्रास देऊन काढायचा.

मी तांदूळ घेऊन गेले. मला कोण अडवणार, माझं माहेर ते. गिरण बंद होती. किशोरी पट्ट्यावरचं पीठ फडक्याने पुसत होती, जिथे पीठ नव्हतं तिथेही. मला बघून म्हणाली, ये. हळू म्हणाली. तिचा तो हळू आवाज मी पंचवीस-तीस वर्षांत ऐकला नव्हता. तो ऐकून मी आणखीच चिडले. तिला चांगली फैलावर घेतली. म्हटलं, गावाशी वैर घेऊन कोणाचं भलं झालंय? सही कर आणि मोकळी हो.

ती फडकं खाली ठेवून म्हणाली, "आक्का, मी सही केलंय तर कर जातलो. कर गेलो की साकव गेलो. मगे परत ह्यांका खुर्चेर घालून न्हेवचा?"

तो काठ, ती खुर्ची, ते उघडं तोंड. मी तिथेच पोत्यावर बसले आणि रडले, माझं वय काय, मी करतेय काय, कसलाही विचार न करता.

तेवढ्यात बाळा काठी टेकत आला. बाई रडताना दिसली की पुरुषमाणूस एकतर पळतो नाहीतर विनोद करतो. ह्याला पळता येत नाही. म्हणाला, "घरां बंद होती ता खराच. पण आमी उपाशी खंय होतंव? चुली पेटलेल्योच होत्यो मा?"

किशोरीने मान वर केली. "काय म्हणालात?" असं तिने विचारलं, आणि शेजारचं कुत्रं उठून बसलं. मी डोळे पुसले. म्हटलं, आली ठिकाणावर.

सुनावणी देवळाच्या सभामंडपात झाली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला सर्वेश आणि बंगलेवाल्यांची चार माणसं, मध्ये मॅडम. किशोरी उभी राहिली. ऑफिसात बोलायची मराठी तिने घोकून आणली होती. ती म्हणाली, "मॅडम, पहिल्या कागदात आम्ही खोटं लिहिलं. तुमची माणसं आली होती. गावात आम्हीच नव्हतो." मग तिने गावपळण सांगितली. कुत्री, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं. गावातली निम्मी माणसं खाली माना घालून बसली. आता मॅडम हसणार, म्हणून मी पदर घट्ट धरून ठेवला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? किशोरी म्हणाली, लाज वाटली. मग मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण तुमची घरं त्या दिवशी बंद होती हे तुम्हीच कबूल करताय. ती फक्त तीनच दिवस बंद होती, वर्षभर नव्हती, हे मी कशावरून मानू? ह्याच प्रश्नावर सर्वेशच्या माणसांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

"चला," किशोरी म्हणाली, "दाखवते."

आणि निघाली की सगळी सभा वेशीकडे. फाल्गुनातलं ऊन, पायाखाली तापलेला जांभा. बाळाला मी म्हटलं, तू नको येऊ. तो म्हणाला, माझी चूल काय तू दाखवणार? सड्यावर पोहोचलो. झावळं कधीच मोडली होती, खोपींचा मागमूस नव्हता. पण चुली होत्या. तीन-तीन काळे पडलेले दगड, एकामागे एक, रांगेने, माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणाला काही सांगावं लागलं नाही. लोक गेले आणि आपापल्या चुलीपाशी उभे राहिले. मी माझ्या चुलीपाशी, माझ्या उजवीकडे जी शेजारीण घरी उजवीकडे असते तीच. पलीकडच्या वाडीच्या रांगेत किशोरी आणि काठीवर रेललेला बाळा. जणू छपरं आणि भिंती काढून घेतल्या आणि नुसतं गाव उरलं.

मॅडमच्या हातात ते फोटो होते. त्या पहिल्या चुलीपासून चालायला लागल्या. एकेक फोटो बघायच्या, घर कोणाचं ते वाचायच्या आणि समोर बघायच्या. ज्याचं घर तो तिथे उभा. यज्ञेश बरोबर चालत होता, पण त्याला काही सांगायची गरजच पडली नाही. माझ्यापाशी आल्यावर मॅडमनी लाल चिंधीचं कुलूप बघितलं, मला बघितलं आणि नुसत्या पुढे गेल्या. चुली संपल्या तेव्हा हातात थोडेच फोटो उरले. मॅडमनी सर्वेशला विचारलं, "ह्या बंगल्यांची चूल कुठली?"

सर्वेश म्हणाला, मॅडम, असा काही कायदा नाही. ते खरंच होतं. पण मग सगळ्यांचं लक्ष रांगेतल्या एका चुलीकडे गेलं. तिच्यापाशी महादूमामा एकटेच उभे होते. एवढे दिवस त्या म्हाताऱ्याने ह्या भांडणात एक अक्षर काढलं नव्हतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने बाजू घ्यायची नसते, सगळ्यांचंच मागायचं असतं. आता ते बोलले, देवळात बोलतात तसं नव्हे, अगदी घरात बोलल्यासारखं.

"सर्वेशा, तुझी चूल हयसर आसा. तू थंय कित्याक उभो?"

सर्वेश बापाजवळ गेला असं मी सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण तो गेला नाही. तो गाडीकडे वळला. मात्र एकत्र सह्यांचा तो कागद पुन्हा कोणाच्या दारात आला नाही, एवढं खरं.

मॅडम एका दगडावर बसल्या आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, चुली हा पुरावा कायद्यात बसत नाही. पण फेरपाहणीचा आदेश देण्याइतकं मी आज बघितलंय. माणसं न सांगता येतील, वर्षभरात कधीही, निदान दोन-तीनदा. तेव्हा घर उघडं दिसलं पाहिजे.

त्या फेरपाहणीची तर वेगळी गजाल आहे. न सांगता येणार म्हटल्यावर लोकांनी घर सोडायलाच नकार दिला. एक म्हातारा मुलीच्या घरी बारशाला जाईना. आमच्या शेजारणीने दांडीवरचे कपडे वाळले तरी काढले नाहीत, पुरावा म्हणून. माणसं एकदा चैत्रात आली, एकदा श्रावणात, एकदा भर दिवाळीत, आणि प्रत्येक वेळी त्यांना घराघरात चहा प्यावा लागला. आमची घरं राहती ठरली. बंगले तिन्ही वेळा बंद सापडले. कर राहिला. आणि आदेशात शेवटी एक ओळ आली, की यापुढे पाहणीची तारीख ठरवण्याआधी ग्रामपंचायतीला विचारावं, गावपळणीच्या काळात पाहणी करू नये. गावपळण, सरकारी टाईपमध्ये, शिक्क्यासकट. ज्या शब्दाची आम्हाला लाज वाटली होती तो साहेबांनी स्वतः लिहिला. किशोरीने तो कागद गिरणीच्या भिंतीला चिकटवलाय. आता पिठाने पांढरा झालाय, पण कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की फडक्याने पुसून दाखवते.

लोक गिरणीत कधी परत आले ते मला नीट सांगता येणार नाही. कोणी माफी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. एका सकाळी बघितलं तर रांग होती आणि किशोरी ओरडत होती.

साकवाला त्यानंतर वर्ष गेलं. ठेकेदार पळाला, दुसरा आला, त्याच्या खडीवरून भांडण झालं, मंचाची माणसं आळीपाळीने कामावर लक्ष ठेवून बसली. ह्या वर्षी पावसाच्या तोंडावर पूर्ण झाला. उद्घाटन करायला कोणी पुढारी मिळाला नाही आणि त्याबद्दल कोणाला वाईटही वाटलं नाही. महादूमामांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, साऱ्यांचं बरं कर म्हणून, बंगलेवाल्यांसकट. आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी बंगलेवाल्यांच्या वेळी जरा हळू म्हटलं.

मग आषाढ आला आणि व्हाळ माजला. पाणी तेच, माती ढवळून लाल झालेलं, तसाच आवाज. मी अलीकडच्या काठावर उभी होते, त्याच जागी. पलीकडून बाळा निघाला. एका हातात छत्री, एका हातात काठी, मागे दळणाचे डबे घेतलेल्या बायका आणि सर्वांत शेवटी गिरणीचं दार लावून आलेली किशोरी. माझा भाऊ स्वतःच्या पायांनी येत होता.

साकवाच्या मधोमध येऊन तो थांबला. मला वाटलं पाय दुखला. मी पुढे धावले आणि विचारलं, काय झालं रे? तो कठड्यावरून खाली वाकून बघत होता.

"काय नाय," तो म्हणाला. "वरसून व्हाळ कसो दिसता ता बगतंय."

मागे बायकांची रांग खोळंबली, पाऊस वाढला, तरी हा हलेना. आणि मग त्या सगळ्या पाण्याच्या आवाजावरून पलीकडच्या काठावरून आवाज आला, "अवो, फुडे सरा! मागे माणसां आसत!" अलीकडच्या काठापर्यंत एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं.